बारा पट्ट्या, बारा पडदे

निवृत्तीनंतर नातवाची गिटार हाती घेतली. परंतु परक्या संज्ञांनीच धीर खचला. मग घरातील पेटी शेजारी ठेवली. तिच्या सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या असतात. गिटारवरील ‘फ्रेट’ म्हणजे सतारीसारखा पडदा. एक फ्रेट पुढे जाणे म्हणजे पेटीवरील लगतची पट्टी. म्हणूनच बाराव्या फ्रेटवर मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात भेटतो. जाड तारेपासून सहा तारा ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. नवी संकल्पना एकच : ‘कॉर्ड’, म्हणजे सा-ग-प यांसारखे तीन वा अधिक सूर एकत्र वाजविणे. बोटांची टोके अजून दुखतात. पण वाचकहो, सायंकाळी नातू मला कॉर्ड शिकवितो आणि मी त्याला सरगम.