ऐंशीचं दशक म्हणून विकलेली तीस गाणी

मंडळी, बडोदेकराने व्हिडिओ गेमवर कशाला लिहावं, असं कुणी म्हणेल. पण आमच्या तरुणपणाची गोष्ट आमच्याच पोरांना दुसरं कुणी सांगत असेल, तर बोलायला नको?

२००७ साली 'गिटार हीरो एन्कोर: रॉक्स द एटीज' नावाचा गेम आला. प्लेस्टेशन २ वर खेळायचा. हातात प्लास्टिकची गिटार, तिला पाच रंगीत बटणं. पडद्यावर जो रंग येईल तो दाबायचा. अमेरिकेतला भाचा सुट्टीत घेऊन आला होता, त्याच्याबरोबर मीही आख्खा खेळलो. खेळ झकास आहे. माझं भांडण गाण्यांच्या निवडीशी आहे.

नाव अख्ख्या दशकाचं आणि गाणी ३०! आदल्या वर्षीच्या 'गिटार हीरो २' मध्ये मुख्य ४० आणि वर २४ बोनस होती. इथे बोनस शून्य, किंमत मात्र पुऱ्या गेमची, ४९.९९ डॉलर.

बरं, त्या तिसांत बॉन जोव्ही नाही, डेफ लेपर्ड नाही, व्हॅन हॅलेन नाही. प्रिन्ससारखा गिटारवाला नाही. आणि आहे कोण? लिमोझीन! हा बँड त्या काळी नव्हताच. 'होमस्टार रनर' या इंटरनेटवरच्या कार्टूनमधला तो बनावट बँड. थट्टेला जागा आहे, प्रिन्सला नाही. 'रडार लव्ह' आणि 'बॉलरूम ब्लिट्झ' तर मुळात १९७३ ची; इथे त्यांच्या नंतरच्या आवृत्त्या घेतल्या. त्यातून बहुतेक गाणी मूळ कलाकारांच्या आवाजात नाहीतच, दुसऱ्यांकडून हुबेहूब वाजवून घेतलेली.

सगळंच टाकाऊ नाही. डिओचं 'होली डायव्हर', ज्युडस प्रीस्टचं 'इलेक्ट्रिक आय', अँथ्रॅक्सचं 'कॉट इन अ मॉश' बोटांना घाम फोडतात. लॉस एंजेलिसच्या 'एक्स' या पंक बँडला घेतलं, त्याबद्दल शाबासकी. म्हणूनच जास्त चिडचिड होते. निवड करणाऱ्यांना कान होते.

"गाण्यांचे हक्क महाग असतात हो," असं काही जण म्हणतात. असतील. मग तीनच महिन्यांनी, त्याच प्रकाशकाच्या 'गिटार हीरो ३' मध्ये गन्स एन रोझेस, मेटॅलिका आणि लिव्हिंग कलर कसे आले? तिघांचीही गाणी १९८७-८८ ची. मला तरी सरळ दिसतं: उत्तम माल पुढच्या खेपेला राखला आणि उरलेल्यावर दशकाची पाटी लावली.

भाचा मला म्हणाला, "मामा, कॉलेजात असताना तुम्ही हेच ऐकायचात का?" या प्रश्नाने मला गप्प बसू दिलं नाही. सयाजीगंजच्या हॉस्टेलवर एकावरून दुसरी भरलेल्या, घरघरणाऱ्या कॅसेटी ऐकत आम्ही वाढलो. त्या पोराला ते कुठून कळणार? महाराष्ट्राबाहेर पिढ्या काढलेल्या आपल्या घरांना हे नवं नाही. गणपतीच्या कार्यक्रमात आपण जी पदं निवडतो, तेवढीच पोरांना ठाऊक. जे यादीतून गळलं, ते त्यांच्या लेखी कधी नव्हतंच.

म्हणून यादी करणाऱ्याने पाटी खरी लावावी. 'आम्हाला मिळालेली तीस गाणी' म्हणा, माझी काही हरकत नाही.

भाच्याला मी सुटलेल्या गाण्यांची यादी लिहून दिली. तुमच्या माळ्यावर कॅसेटी असतील तर काढा मंडळी, आणि तुमच्या यादीत काय असतं तेही खाली लिहा.