पेटी लहान असावी, बंद नसावी

सत्तरी ओलांडलेल्या बाईने कॉम्प्युटर स्वतः जुळवायचा म्हटलं की लोक हसतात. "बाई, टॅब घ्या की!" म्हणतात. मला हे मान्य नाही.

आमच्या महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. भिंतींना ओल, पुस्तकांना बुरशी. गेल्या पावसाळ्यात माझा डबीएवढा पीसी बंद पडला. रॅम, डिस्क सगळं बोर्डालाच सोल्डर केलेलं. दुकानदार म्हणाला, फेकून द्या. त्यात माझं चार वर्षांचं लिखाण होतं हो!

म्हणून आता मिनी-आयटीएक्स बोर्ड. १७ बाय १७ सेंटिमीटर, टेबलाच्या कोपऱ्यात मावतो. रॅम खाचेतून निघते, एसएसडी एका स्क्रूवर. वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. मराठी टंकायला प्रोसेसरमधलंच पुरतं. त्या पैशांत यूपीएस आणि बॅकअपची डिस्क. कूलरची उंची मात्र केसमध्ये बसते का, हे आधी पाहावं.

लहान बोर्ड महाग पडतो, कबूल. पण एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. शब्द चुकला म्हणून आम्ही मुलांना वही फेकायला सांगत नव्हतो. जी वस्तू उघडताच येत नाही, ती आपली कशी? टॅबवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.