जगाची गाडी कऱ्हाडलाही थांबते

कऱ्हाडमधल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. स्पर्धा परीक्षेच्या टेबलावर इतिहासाच्या दोन वह्या दिसतील. एक ‘महाराष्ट्र’, दुसरी ‘जग’. दुसऱ्या वहीत प्रबोधन, फ्रेंच राज्यक्रांती, दोन महायुद्धं. आपण तिथे उगवतो ते शेवटच्या ‘परिणाम’ या मुद्द्यात. ही वाटणीच खोटी आहे.

‘अमेरिकन यादवी युद्ध, १८६१–६५’ ही पाठ केलेली ओळ घ्या. दक्षिणेची बंदरं रोखली गेली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईत कापसाचे भाव भडकले. दख्खनच्या शेतकऱ्याला सहज कर्ज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज तसंच राहिलं. वर सरकारनं शेतसारा वाढवला. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. आता सांगा, हे कुठल्या वहीत लिहायचं?

जोतीराव फुल्यांना हा प्रश्न पडला नव्हता. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं कटगुण. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. तिथली गुलामी आणि इथली जात त्यांनी शेजारी ठेवून पाहिली.

२४ ऑगस्ट १९४२ला कऱ्हाडच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला. पुढच्या वर्षी क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. आणि १० जुलै १९४४ला कुलाबा जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे इटलीत जर्मन मशीनगनचा मारा झेलत लढले, तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक मराठी माणूस इंग्रजांविरुद्ध लढतोय, दुसरा त्यांच्याच फौजेतून हिटलरविरुद्ध. दोन्ही एकाच महायुद्धात. हा पेच ज्या वहीत मावत नाही, ती वही अपुरी आहे.

याचा अर्थ व्हॉट्सॲपवरचं ‘सगळं जगाला आपणच दिलं’ हे खरं, असा नाही. तोही त्याच दुखण्याचा दुसरा झटका. आपल्या झणझणीत रश्श्यातली मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर आलेली. म्हणून रस्सा परका होत नाही. जग असंच घडतं, देवाणघेवाणीतून आणि लुटीतूनही.

‘याला मार्क किती?’ असं विचाराल. कदाचित शून्य. पण सोयाबीनचा भाव पडला की घरात नशिबाला बोल लावला जातो. पामतेलाची आयात, ब्राझीलचं पीक यांचं नावही निघत नाही. जगाचा इतिहास दुसऱ्यांचा, असं मानणाऱ्याला जगाचा वर्तमानही दैवासारखाच वाटणार.

म्हणून आज एवढंच करा. ‘जग’ वहीतल्या प्रत्येक सनासमोर समासात लिहा : तेव्हा आपल्याकडे कोण काय करत होतं? समास भरत जाईल, तसतशी दुसऱ्या वहीची गरज उरणार नाही.