खडबडीत रस्ता हा दोष नव्हे



'आपले रस्ते पाहता आंतरराष्ट्रीय मोटार रॅली विदर्भात कोण आणणार?' हे गेल्या आठवड्यातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. रॅलीला गुळगुळीत रस्ता लागतच नाही. केनियाची सफारी रॅली 2021 मध्ये जागतिक मालिकेत परतली ती धुळीच्या, दगडगोट्यांच्या वाटांवरच. 1968 च्या लंडन-सिडनी शर्यतीचा आशियातला टप्पा तर मुंबईतच संपला; तिथून गाड्या बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या.

खरा प्रश्न रस्ता बंद ठेवण्याचा आहे. 1986 मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत गाडी गर्दीत घुसून प्रेक्षक दगावले. म्हणून शर्यतीच्या वेळी रस्ता बंद ठेवावाच लागतो; पण आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास याच पाणंद रस्त्यांवरून सोयाबीन-कापूस घरी येतो. अवकाळी पाऊस झाला की काळ्या मातीत ट्रॅक्टरचे चाक जागच्या जागी फिरते. तेव्हा रॅली नकोच. रान मोकळे झाल्यावर, एप्रिलात, ग्रामसभेच्या संमतीने जरूर आणा. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याजवळची एकही वाट मात्र घेऊ नये, आणि उखडलेली पाणंद मृगाआधी मुरूम टाकून दुरुस्त करून देण्याची लेखी हमी आयोजकांकडून आधीच घ्यावी.

— एक वाचक, कामरगाव (ता. कारंजा, जि. वाशीम)