पिनेला क्लिप लावा

कापूस जिनिंगला निघाला की ट्रॉली भरायला चार माणसं, हूक बघायला एकही नाही. आपल्या खान्देशात पिनेच्या जागी जुना बोल्ट नाहीतर सळईचा तुकडा घालतात, खाली क्लिप नाही. खड्ड्यात आदळलं की पिन उसळते, ट्रॉली सुटते. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचं काय? क्लिप तर हवीच, जोडीला जाड साखळीही हवी. उतारावर भरलेली ट्रॉली मागून रेटते. खालचा गिअर आधीच टाका, डिझेल वाचवायला न्यूट्रल नको. आणि मालावर मजूर बसवू नका. फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला, किमान 15 जीव गेले. सरपंच, पोलीस पाटलांनी वेचणीआधी गावातल्या ट्रॉल्या एकदा पाहाव्यात. पावती फाडायची गरज नाही, क्लिप नसेल तिथं लावून घ्यावी.