सोलरच्या प्लेटेतले विज्ञान वर्गात यावे

आज, २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच दिवशी सी. व्ही. रामन यांना कोलकात्यात दिसले की, रेणूंवर आदळून विखुरणाऱ्या प्रकाशातील थोड्याशा प्रकाशाचा रंग बदलतो. प्रकाश ठरावीक मापाच्या पुंजांनी ऊर्जा देतो-घेतो, या विचाराला या शोधाने मोठे बळ दिले. धाराशिव जिल्ह्यातील शाळाशाळांतून आज विज्ञान प्रदर्शने भरतील. या निमित्ताने आमचे एक सांगणे आहे.

दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात ऊन हीच आता मिळकत ठरू लागली आहे. कौडगावला महानिर्मितीचा ५० मेगावॉटचा सौरप्रकल्प उभा आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून विहिरी-बोअरवर सोलरच्या प्लेटा आल्या. या प्लेटा गेल्या शतकातील सर्वांत मोठ्या वैज्ञानिक उलथापालथीचे अपत्य आहेत, हे मात्र मुलांना कोणी सांगत नाही.

१४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये मॅक्स प्लांक यांनी मांडले की, तापलेल्या वस्तूतील ऊर्जेची देवघेव सलग धारेने न होता ठरावीक पुंजांनी होते. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी तोच नियम खुद्द प्रकाशाला लावला. प्लेटेतील सिलिकॉन नेमका याच नियमाने चालतो. सुमारे ११०० नॅनोमीटरपेक्षा लांब लहरीचा प्रकाश कितीही ओता, इलेक्ट्रॉन मोकळा होत नाही. अशा लहरीचा पुंजच अपुरा पडतो. म्हणून वीज प्रकाशाची, उष्णतेची नव्हे. उलट प्लेट २५ अंशांच्या वर तापली की दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. मे महिन्यात भर दुपारी पंप अपेक्षेइतका का चालत नाही, याचे एक उत्तर इथे आहे.

आता प्लेटेचा निळसर रंग पाहा. तो सिलिकॉनवरच्या सुमारे ७५ नॅनोमीटर जाडीच्या लेपामुळे दिसतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात, म्हणून प्रकाश वाया न जाता आत शिरतो. म्हणजे लेपापाशी प्रकाश लहर म्हणून वागतो आणि सिलिकॉनमध्ये कण म्हणून. ज्या द्वैताने मोठमोठे शास्त्रज्ञ चक्रावले, ते परंडा-भूमच्या शिवारात रोज काम करते आहे.

याच पुंजांच्या विज्ञानावर आधारलेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी केंद्राने २०२३ मध्ये सहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. त्याचे एक केंद्र आयआयटी मुंबईत आहे. तिथवर आपल्या मुलांनी पोहोचायचे, तर सुरुवात गावातच व्हायला हवी आणि तिला फार पैसा लागत नाही. लाल आणि निळा असे दोन एलईडी, एक मल्टिमीटर, दोन-तीन सेल आणि व्होल्टेज कमी-जास्त करायला एक रेग्युलेटर एवढे पुरे. लाल एलईडी पावणेदोन व्होल्टच्या आसपास उजळू लागतो; निळ्याला अडीचच्या वर जावे लागते. या फरकावरून आणि दोन्ही रंगांच्या लहरींच्या लांबीवरून नववी-दहावीची मुले पुंजाचे माप ठरवणाऱ्या प्लांकच्या स्थिरांकाचा अंदाज स्वतः काढू शकतात.

जिल्हा परिषदेने प्रत्येक माध्यमिक शाळेला हा संच द्यावा. विज्ञान शिक्षकांनी वर्षातून एक तास सौरपंपाशेजारी घ्यावा. आपल्या जमिनीवर प्लेटा बसवणारे बाहेरून येत आहेत. त्या प्लेटा समजून घेणारे, दुरुस्त करणारे आणि उद्या त्याहून चांगल्या घडवणारे हात याच जिल्ह्यात तयार झाले पाहिजेत.