मुनव्वरचं पुस्तक आणि शास्त्रीबुवांचा कोश

खुनाच्या खटल्यांवरची पुस्तकं मला आवडतात. शाळेत हे कुणाला सांगत नाही. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईने सुट्टीत रमन राघव वाचत बसावं, हे नाशिकमध्ये अजून जरा विचित्रच दिसतं.

मागच्या सुट्टीत मुनव्वर शाहचं 'येस, आय अ‍ॅम गिल्टी' घरी आणलं. १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यातला हा गुन्हेगार. पुस्तक तुरुंगात लिहिलेलं. मुलीने नाव वाचलं आणि विचारलं, "अम्मी, त्यात आपला पण होता?" मी लगेच म्हणाले, "बाकीचे तिघे जक्कल, सुतार आणि जगताप होते."

उत्तर खोटं नव्हतं. चौघेही पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातले. दहा खून. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांनाही फाशी झाली. पण रात्री त्या उत्तराची मला लाज वाटली. गुन्ह्याची बातमी आली की आपण आधी आरोपीचं नाव बघतो, आणि ते आपल्यातलं नसलं की हायसं वाटतं. ही सवय आपल्याला का लागली ते तुम्हाला सांगायला नको. तरी दहा मेलेल्यांपैकी एकाचंही नाव मी मुलीला सांगितलं नव्हतं.

पुस्तकंही तेच करतात. १८३९ मध्ये मेडोज टेलरने ठगांवर कादंबरी लिहिली, तीही ठग अमीर अलीच्याच तोंडून. बोलतो तो मारणारा. मेलेल्यांची नुसती मोजदाद होते.

१ डिसेंबर १९७६ च्या रात्री मारल्या गेलेल्या पाच जणांत काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते, वय ८८. त्यांनी संस्कृत व्याकरणाचा इंग्रजी कोश केला होता, १९६१ सालचा. वडील वासुदेवशास्त्रींनी पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं, त्याला प्रस्तावनेचा अख्खा खंड यांनी लिहिला. बी.एड. करून इतकी वर्षं व्याकरण शिकवतेय, आणि हे नाव मला फक्त खटल्यामुळे माहीत होतं!

अशी पुस्तकं वाचू नयेत असं मी म्हणणार नाही. मी तर वाचणारच. पण आता वाचताना मेलेला माणूस काय करत होता ते आधी शोधते.

यंदा नववीला समास शिकवताना शास्त्रीबुवांचं नाव सांगितलं, कोशाचंही सांगितलं. ते कसे गेले ते मात्र सांगितलं नाही. एका पोराने घरी मोबाइलवर शोधलंच. दुसऱ्या दिवशी त्याचा पहिला प्रश्न: "टीचर, मारणारे कोण होते?"